लयीची सामाईक नोंद

संगीत कागदावर उतरवू पाहणाऱ्यास ज्या नोंदी कराव्या लागतात त्यांचे मुळातच दोन वर्ग असतात, आणि हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे होणारा घोटाळा संगीतलेखनाइतकाच जुना आहे. पहिल्या वर्गातील नोंदी एकेका वादकाच्या किंवा गायकाच्या स्वतःच्या असतात: स्वर कोणता, किती काळ, किती जोराने, श्वास कोठे घ्यावयाचा, कोणते स्वर एका फुंकीत जोडावयाचे. दुसऱ्या वर्गातील नोंदी कोणा एकाच्या मालकीच्या नसतात, परंतु बंधनकारक मात्र सर्वांवर असतात: ताल कोणता, लय मिनिटास किती ठोक्यांची, ती कोठे मंदावते आणि कोठे पूर्वपदावर येते, तालमीत मध्येच आरंभ करावयाचा झाल्यास सर्वांनी कोणत्या खुणेवर यावयाचे. संगणकावर अक्षरांच्या द्वारे संगीत लिहिण्याच्या ज्या पद्धती गेल्या तीन-चार दशकांत रूढ झाल्या, त्यांचा सर्वांत मोठा गुण माझ्या मते हा की, या दुसऱ्या वर्गास त्यांनी स्वतःचे असे ठिकाण मिळवून दिले. ही सामाईक नोंद एकदाच आणि एकाच जागी करावी, आणि ती जागा कोणत्याही एका वाद्याची नसावी, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. पण ते नीट समजण्यास थोडा विस्तार करावा लागेल.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या माध्यमिक शाळेत वाद्यवृंद आहे अशी कल्पना करावी. क्लॅरिनेट वाजविणारी मुले, कॉर्नेट वाजविणारी मुले, एक युफोनियम, दोन साइड ड्रम, एक बेस ड्रम आणि एक झांज. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्यदिन हे यांचे ठरलेले प्रसंग. या प्रसंगी जी दोन गीते अवश्य वाजतात त्यांच्या कालावधीविषयी सरकारी निर्देश आहेत. राष्ट्रगीताची पूर्ण आवृत्ती सुमारे ५२ सेकंदांची. आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून अंगीकारलेले, राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले व शाहीर साबळे यांच्या खड्या आवाजाने घरोघर पोहोचलेले 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे गीत १ मिनिट ४१ सेकंदांचे. कालावधी ठरला म्हणजे लयही ठरली, कारण संगीतरचनेत ठोके किती आहेत हे मोजून त्या संख्येस कालावधीने भागले की मिनिटास किती ठोके पडावेत याचे उत्तर हाती येते. समजा एखाद्या मांडणीत ६५ ठोके आहेत आणि ते ५२ सेकंदांत बसवावयाचे आहेत, तर लय मिनिटास ७५ ठोक्यांची येईल. तीच मांडणी ६० च्या लयीने वाजविली तर ६५ सेकंद लागतील.

हा ७५ चा आकडा कोणाच्या कागदावर लिहावयाचा? हस्तलिखित पत्रकांच्या काळी तो सर्वांच्याच कागदांवर लिहिला जाई. आणि मग शिक्षकाने दुसऱ्या तालमीच्या वेळी लय ७५ ऐवजी ७२ केली, अथवा शेवटच्या दोन बारांपूर्वी थोडे थबकण्याचे ठरविले, म्हणजे प्रत्येक नकलेवर तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागे. आठ नकलांपैकी सातांवर दुरुस्ती झाली आणि बेस ड्रमची राहून गेली, तर दोष त्या एका पत्रकाचा असूनही मोडते मात्र सगळ्यांची लय. ज्यांचा तलाठ्याच्या दप्तराशी संबंध आला आहे त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही: जमिनीची मूळ नोंद गावच्या दप्तरात एकच असते, खातेदारांना मिळतात ते तिचे उतारे, आणि फेरफार करावयाचा तो मुळात, उताऱ्यात नव्हे. उताऱ्यावरच खाडाखोड करीत गेल्यास दोन शेजाऱ्यांच्या कागदांत तफावत पडण्यास वेळ लागत नाही.

लय आकड्याने सांगण्याची कल्पना तशी फार प्राचीन नाही. जर्मनीतील बासरीवादक क्वांट्झ याने १७५२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात निरोगी मनुष्याच्या नाडीचे मिनिटाला सुमारे ८० ठोके प्रमाण मानून निरनिराळ्या लयी सांगितल्या. ॲम्स्टरडॅम येथील विंकेल याने बनविलेल्या लयदर्शक यंत्रावरून मेल्झेल याने १८१५ साली आपल्या मेट्रोनोमचे एकाधिकारपत्र घेतले, आणि १८१७ साली बेथोव्हेनने तोवरच्या आपल्या आठही सिंफनींच्या भागांसाठी या यंत्रावरील आकडे छापून प्रसिद्ध केले. तेव्हापासून पाश्चात्य संयुक्त पत्रकात, म्हणजे ज्यात सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेल्या असतात त्या पत्रकात, लयीचा शब्द आणि आकडा सर्वांत वरच्या ओळीच्या माथ्यावर, आणि मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनांच्या ओळीवर पुन्हा एकदा, छापण्याचा प्रघात पडला. त्या माथ्यावरच्या जागेत एक गृहीतच दडलेले आहे: हा आकडा पहिल्या बासरीच्या ओळीवर छापला असला तरी तो पहिल्या बासरीचा नव्हे.

आपल्याकडे हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला गेला, आणि तो सोडविणारे दोघेही महाराष्ट्रीय होते. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली वाळकेश्वरी, विष्णु दिगंबर पलुसकर यांचा १८७२ साली कुरुंदवाडास. पहिल्यांनी वकिली सोडून संगीतशास्त्राला आयुष्य वाहिले, दुसऱ्यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून शिक्षणाची नवी परंपरा उभारली. आणि दोघांनीही स्वरलिपी सिद्ध केल्या. या दोन स्वरलिपींत जो फरक सर्वत्र सांगितला जातो तो कोमल-तीव्र स्वरांच्या खुणांचा. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा फरक कालाच्या नोंदीचा आहे. पलुसकरांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्या स्वराच्या कालावधीचे चिन्ह असते, एक मात्रेचे निराळे, अर्ध्या मात्रेचे निराळे, पाव मात्रेचे निराळे. म्हणजे प्रत्येक स्वर आपली कालाची शिदोरी आपल्याबरोबरच घेऊन येतो. भातखंड्यांनी त्याउलट सबंध पानावर तालाची चौकट आधी आखली. उभ्या रेघांनी विभाग पाडले. त्रितालाच्या पहिल्या मात्रेखाली समेची फुली, पाचवीखाली २, नववीखाली खालीचे शून्य आणि तेराव्या मात्रेखाली ३, अशा खुणा केल्या. आणि स्वर त्या चौकटीच्या घराघरांत बसविले. एका मात्रेत दोन-चार स्वर आले तर त्यांच्याखाली एक कंस, स्वर लांबला तर एक आडवी रेघ, गीताचे अक्षर लांबले तर अवग्रह, एवढ्यावर काम भागले. राग, ताल आणि लय यांचा उल्लेख बंदिशीच्या माथ्यावर एकदाच: त्रिताल, मध्यलय.

मला भातखंड्यांची ही चौकट संगीतलेखनाच्या इतिहासातील फार थोर कल्पनांपैकी एक वाटते. पलुसकरांची लिपी एकेका स्वराविषयी अधिक काटेकोर आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिच्यात डोळ्याला ताल शोधावा लागतो, भातखंड्यांच्या पानावर तो आधीच उभा असतो. मराठीत सहा भागांत निघालेल्या 'क्रमिक पुस्तक मालिके'तील बंदिशी आजही विद्यार्थी सहज वाचतो याचे श्रेय या चौकटीकडे बरेचसे जाते. शिवाय जेथे बंदिशीचा मुखडा समेवर न उठता नवव्या मात्रेवर, खालीवर उठतो, तेथे पानही खालीच्या शून्यापासून सुरू होते आणि सम मध्यभागी येते. चौकट तालाची, प्रवेश बंदिशीचा. दोहोंची गल्लत नाही. संगणकावरील लेखनात हीच दक्षता पुढे किती कामास येते ते पाहूच.

आता संगणकाकडे वळू. येथे लेखनाच्या दोन रीती आहेत. एकीत पडद्यावर पाच रेषा दिसतात आणि लेखक त्यांवर स्वर ठेवीत जातो. दुसरीत लेखक साध्या मजकुराच्या फाइलीत अक्षरे, अंक व आज्ञा लिहितो आणि संगणक त्या मजकुराचे छापील पत्रक बनवितो. या दुसऱ्या रीतीच्या दोन पद्धती विशेष प्रसिद्ध आहेत. ख्रिस वॉलशॉ या इंग्रज गृहस्थाने लोकसंगीताच्या चाली टिपण्यासाठी काढलेली एबीसी लिपी ही एक. हिच्यात चालीच्या माथ्यावर काही ठरलेल्या ओळी असतात, 'एम' या अक्षरापुढे ताल, 'एल' पुढे स्वराचे मूळ माप, 'क्यू' पुढे लय आणि 'के' पुढे स्वरसप्तक. हा भातखंड्यांच्या माथ्यावरील मजकुराचाच जातभाई. दुसरी, आणि मोठ्या रचनांना पुरी पडणारी, लिलिपाँड. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा डच संगीतप्रेमींनी १९९६ साली हिचा आरंभ केला, आणि ती मुक्त परवान्याखाली कोणासही विनामूल्य मिळते, ही गोष्ट आमच्यासारख्या जिल्ह्यातील शाळांच्या दृष्टीने दुय्यम नव्हे. मजकुराची फाइल काही हजार अक्षरांची असते, जुन्यापुराण्या यंत्रावरही उघडते, आणि दोन आवृत्त्यांत काय बदलले ते ओळीस ओळ ताडून पाहता येते. तिच्यातील तुकड्यांना नावे देवनागरीत देता येतात आणि गीताचे शब्दही देवनागरीत छापता येतात.

लिलिपाँडच्या अंतर्रचनेत तीन पायऱ्या ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. सर्वांत आत एकेक आवाज किंवा वादनाची धारा, तिच्या बाहेर पाच रेषांची पट्टी, आणि त्या सर्व पट्ट्यांना कवेत घेणारे संपूर्ण पत्रक, ज्यास तिच्या परिभाषेत 'स्कोअर' म्हणतात. स्वर लिहिणारी यंत्रणा आतल्या पायरीवर काम करते. परंतु मात्रा मोजणारी, लयीचा आकडा छापणारी आणि तालमीच्या खुणा मांडणारी यंत्रणा मुळातच सर्वांत बाहेरच्या पायरीवर बसविलेली आहे. याचा परिणाम असा की, तालाची किंवा लयीची आज्ञा कोणत्याही एका वाद्याच्या मजकुरात लिहिली तरी ती सर्वांना लागू होते आणि लयीचा आकडा पत्रकाच्या माथ्यावर एकदाच छापला जातो. ही सोयच नवशिक्यास फसविते. तो क्लॅरिनेटच्या मजकुरात आरंभीच लय ७५ अशी आज्ञा लिहितो. संयुक्त पत्रक काढून पाहतो तो सर्व ठाकठीक. आणि मग वादकांसाठी सुटी पत्रके काढावयास बसतो तेव्हा क्लॅरिनेटच्या पत्रकावर लय आहे, ड्रमच्या पत्रकावर मात्र तिचा मागमूस नाही. ज्याच्या हाती सर्वांची लय सांभाळण्याचे काम, त्याच्याच कागदावर ती नसावी!

यावर दोन इलाज संभवतात. पहिला म्हणजे प्रत्येक वाद्याच्या मजकुरात त्या आज्ञा पुन्हा लिहिणे. हा हस्तलिखित नकलांचा जुना रोगच नव्या वेषात. शिवाय एकाच क्षणी एका वाद्यात ७५ आणि दुसऱ्यात चुकून ७२ राहिले तर संयुक्त पत्रकात दोन परस्परविरोधी हुकूम येतात. लिलिपाँड त्यांपैकी एक पाळते, दुसरा टाकून देते आणि तसा इशारा छापते. पण सुट्या पत्रकांत कसलाही विरोध दिसत नाही, त्यामुळे इशाराही मिळत नाही. दुसरा इलाज हा खरा: कोणत्याही वाद्याचा नाही असा एक स्वतंत्र तुकडा लिहावयाचा आणि त्यास 'सामाईक' असे काही नाव द्यावयाचे. इंग्रजी फाइलींत बहुधा 'ग्लोबल' हे नाव आढळते. या तुकड्यात स्वर मुळीच नसतात. विरामही नसतात, कारण विराम लिहिला की त्याचे चिन्ह छापले जाते. असते ते मोकळे अंतर, म्हणजे काल जातो पण कागदावर काही उमटत नाही असे. लिलिपाँडमध्ये त्यासाठी 'एस' हे अक्षर आहे. त्या अंतरांच्या सांध्यांवर आज्ञा बसवीत जावयाचे. साध्या मराठीत हा तुकडा असा वाचता येईल: चार मात्रांचा बार, लय मिनिटास ७५, आठ बार मोकळे, तालमीची खूण 'अ', आठ बार मोकळे, खूण 'ब', सहा बार मोकळे, लय मिनिटास ६६, दोन बार मोकळे, समाप्तीची दुहेरी रेघ.

मग प्रत्येक वाद्याच्या पट्टीत हा तुकडा आणि त्या वाद्याचे स्वर, दोन्ही एकाच वेळी सुरू होतात असे सांगावयाचे. दोन-दोन कोनी कंसांत ती नावे शेजारी शेजारी लिहिली की काम झाले. संयुक्त पत्रकात सर्व पट्ट्यांनी एकच तुकडा घेतलेला असल्यामुळे विरोध संभवत नाही, लय माथ्यावर एकदाच छापली जाते. आणि सुटे पत्रक काढले की तोच तुकडा त्या पत्रकाबरोबर जातो. लय ७५ ची ७२ करावयाची झाली तर एका ओळीतील एक आकडा बदलावयाचा. हा तुकडा वेगळ्या फाइलीतही ठेवता येतो आणि ती फाइल सर्व वाद्यांच्या फाइलींत समाविष्ट करता येते. मोठ्या रचनेस मी हीच तजवीज अधिक चांगली समजतो.

याच विचाराला संगणकीय संगीताच्या दुसऱ्या एका प्रांतात नियमाचे रूप आलेले आहे. १९८८ साली ठरलेल्या मिडी फाइलींच्या एका प्रकारात, ज्यात अनेक वाद्यांचे मार्ग समांतर चालतात, लय आणि ताल यांची सर्व माहिती पहिल्याच मार्गात असावी असा दंडक आहे. बाकीच्या मार्गांनी कालगणना त्याच्यावरून करावयाची. तेथे लय ठोक्यांत न सांगता एका ठोक्यास किती मायक्रोसेकंद अशी लिहितात. पाच लक्ष मायक्रोसेकंद म्हणजे मिनिटास १२० ठोके. लिलिपाँड पत्रकाबरोबर अशी फाइलही काढून देते, त्यामुळे सामाईक तुकड्यातील लय कानांनी तपासता येते. एक सावधगिरी मात्र हवी: 'हळूहळू मंद' असा नुसता शब्द लिहिल्याने यंत्र मंद होत नाही, तो त्याच्या लेखी केवळ छापावयाचा मजकूर. ऐकण्यातही मंदावणे हवे असेल तर ७५, ७२, ६९, ६६ असे आकडे एकामागून एक लिहून ते छापले जाऊ नयेत असे सांगावे लागते. आणि हे सर्व अर्थातच सामाईक तुकड्यात.

सामाईक तुकड्यात काय घालावे यापेक्षा काय घालू नये हे ठरविणे अधिक कठीण आहे. ताल, लय, तालमीच्या खुणा, समाप्तीची रेघ, आरंभीच्या अपुऱ्या बाराची नोंद, यांविषयी वाद नाही. जोर आणि हलकेपणाच्या खुणा तेथे मुळीच नकोत. कॉर्नेटने जेथे जोराने वाजवावयाचे तेथे क्लॅरिनेटने मृदु वाजविणे हीच कित्येकदा मांडणीची गोडी असते. ओळ कोठे मोडावी हेही तेथे लिहू नये, कारण संयुक्त पत्रकाचे पान आणि सुट्या पत्रकाचे पान यांची सोय निरनिराळी. स्वरसप्तकाचा प्रश्न मात्र फसवा आहे. वाद्यवृंदातील नेहमीची क्लॅरिनेट आणि कॉर्नेट ही अशी वाद्ये की त्यांच्या कागदावरचा स्वर प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वराहून दोन अर्धस्वरांतरे, म्हणजे हार्मोनियमवरच्या लागोपाठच्या दोन पट्ट्या, वर लिहिलेला असतो. ऐकू यावयाचे सप्तक 'सी'चे असेल तर या वादकांच्या कागदावर 'डी'चे सप्तक आणि त्याच्या दोन तीव्र खुणा हव्यात. ड्रमला तर सप्तकच नाही. सप्तक सामाईक तुकड्यात असेल तर तो तुकडा आणि स्वर दोन्ही मिळून वर सरकवावे लागतात. नुसते स्वर सरकविले आणि तुकडा तसाच राहिला तर क्लॅरिनेटच्या पत्रकावर सप्तक एक आणि स्वर दुसऱ्याचे अशी विसंगती येते. म्हणून सप्तकाचा एक स्वतंत्र छोटा तुकडा करावा आणि तो ज्या वाद्यांस हवा त्यांसच जोडावा, हे मला श्रेयस्कर वाटते. पुनरावृत्तीचेही असेच: पुनरावृत्तीच्या रेघा पाहावयास सामाईक वाटतात, पण ऐकण्याच्या फाइलीत प्रत्येक वाद्याने तो भाग खरोखर दोनदा वाजवावयाचा असल्यामुळे ती रचना प्रत्येक वाद्याच्या मजकुरातच असावी लागते.

सामाईक तुकड्याची लांबी आणि वाद्यांच्या मजकुराची लांबी तंतोतंत जुळली पाहिजे, ही या व्यवस्थेची अट. युफोनियमच्या मजकुरात एखादा अर्धा स्वर टंकावयाचा राहिला तर त्या स्थळापासून पुढचे सर्व स्वर अर्ध्या स्वराने अलीकडे सरकतात, आणि लयबदलाचा आकडा बरोबर जागी असूनही भलत्याच स्वरावर आल्यासारखा दिसतो. दोष युफोनियमचा, संशय मात्र सामाईक तुकड्यावर. यासाठी प्रत्येक बाराच्या शेवटी एक उभी रेघ टंकण्याची सवय लावून घ्यावी. ही रेघ छापली जात नाही. ती लिलिपाँडला एवढेच सांगते की, माझ्या हिशेबाने येथे बार पूर्ण झाला आहे, तुझ्या हिशेबाने झाला आहे काय ते पाहा. आणि झाला नसल्यास ते चूक कोणत्या ओळीत आहे ते दाखविते. कीर्द आणि खतावणी यांचा मेळ रोजच्या रोज घालणारा कारकून वर्षअखेरीस घाबरत नाही. आरंभीच्या अपुऱ्या बाराची, म्हणजे समेपूर्वी उठणाऱ्या स्वरांची, आज्ञा सामाईक तुकड्यात लिहिली तर तितकेच मोकळे अंतरही तेथे सोडावे लागते, हे विसरल्यास पहिल्याच खुणेपासून सर्व गणित बिघडते.

आपल्या तालांना ही व्यवस्था किती अनुकूल आहे हे पाहिले म्हणजे आनंद वाटल्यावाचून राहत नाही. पाश्चात्य रचनेत ताल बदलत जातो, म्हणून सामाईक तुकडा लांब होतो. आपला ताल आवर्तनाने फिरतो, म्हणून तो तुकडा एका आवर्तनापुरता लिहून पुरतो. त्रितालाच्या सोळा मात्रांचे मोकळे अंतर, पहिल्या मात्रेवर फुली, पाचवीवर २, नववीवर शून्य, तेरावीवर ३. आणि हे आवर्तन बारा वेळा उलगडावे अशी एक आज्ञा. झपतालासाठी दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन अशा विभागांच्या. रूपकासाठी सात, तीन-दोन-दोन. आणि रूपकाच्या पहिल्याच मात्रेवर खाली येत असल्यामुळे तेथे फुलीऐवजी शून्य. बंदिश खालीपासून उठत असेल तर आवर्तनांपूर्वी आठ मात्रांचे अंतर आणि दोन खुणा अधिक. भातखंड्यांची चौकट येथे जशीच्या तशी उतरते, गायक, हार्मोनियम आणि तबला या तिन्ही ओळींच्या माथ्यावर एकदाच. लयीच्या आकड्याविषयी मात्र आग्रह धरू नये: अतिविलंबित ख्यालात एक मात्रा चार-पाच सेकंदांपर्यंत लांबते, आणि बढत होता होता लय गायकाच्या मनाप्रमाणे चढत जाते, तेथे 'विलंबित' हा शब्द लिहून आकडा न लिहिणे हेच प्रामाणिक लेखन होय.

आता या व्यवस्थेचे मूळ गृहीत जेथे अपुरे पडते असे एक स्थळ आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि संगीतलेखकाने त्याकडे अभ्यासू दृष्टीने पाहिले पाहिजे. होळीपूर्वीच्या आठवड्यात धडगाव, मोलगी अशा गावांचे बाजार भोंगऱ्याचे, म्हणजे होळीनिमित्तच्या उत्सवाचे, होतात, आणि मग अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे जुन्या संस्थानाची मानाची होळी होते. डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर राखेची नक्षी, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू अशा वेषातील बुध्या नावाच्या नर्तकांसह गावोगावचे लोक रात्रभर नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. प्रत्येक गावचा ढोल निराळा, मांदल निराळा, पावा निराळा. एका गटापुरते पाहिले तर लयीची सामाईक नोंद तेथे ढोलात असते. पावा वाजविणारा, नाचणाऱ्यांचे पाय आणि त्यांचे घुंगरू सर्व तिच्यावरून चालतात, आणि कागदाची कोणास गरज भासत नाही. पण मैदानावर असे गट अनेक असतात, आणि एकाच्या लयीस दुसरा बांधलेला नसतो. ध्वनिमुद्रणात असे दोन गट शेजारी शेजारी ऐकू आले म्हणजे लिहिणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो, कारण लिलिपाँडच्या ठेवणीत एका पत्रकाचा काल एकच.

दोन गटांचे ताल भिन्न, पण मात्रेचा वेग एकच असेल तर इलाज सोपा आहे: मात्रा मोजणारी यंत्रणा पत्रकाच्या पायरीवरून काढून प्रत्येक पट्टीच्या पायरीवर बसविता येते, मग एका पट्टीत सहा मात्रांचे बार आणि दुसरीत आठांचे, असे सुखाने चालतात. मात्र तेव्हा सामाईक तुकडाही दुभंगतो. तालाची नोंद प्रत्येक गटाची वेगळी, आणि सामाईक राहते ती केवळ लय. वेगच भिन्न असेल तर काम अवघड होते. समजा एका ढोलाची लय १२० ची आणि दुसऱ्याची ९० ची. दोहोंतील प्रमाण चारास तीन, म्हणजे पहिल्याच्या चार ठोक्यांत दुसऱ्याचे तीन, आणि दर दोन सेकंदांनी दोघांचा ठोका एकत्र. तेव्हा सामाईक लय १२० ठेवून दुसऱ्या गटाचे सर्व कालावधी चार-तृतीयांशाने वाढविण्याची आज्ञा देता येते. लिहावयाचे साधे स्वर, पण यंत्र त्यांना ताणून बसविते. कागदावर हे सुबक दिसते. ध्वनिमुद्रणाशी ते क्वचितच जुळेल, कारण रात्रभर ढोल वाजविणारा मनुष्य चारास तीन हे प्रमाण धरून वाजवीत नाही. त्याची लय नाचाबरोबर चढते, दमाबरोबर उतरते, आणि शेजारच्या गटाचा ढोल कानी पडला तर कधी त्याकडे ओढली जाते, कधी हट्टाने दूर राहते.

म्हणून अशा प्रसंगाच्या लेखनात दोन गटांस एका पत्रकात कोंबण्याचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. एकाच फाइलीत दोन स्वतंत्र पत्रके करावीत, प्रत्येकास त्याचा स्वतःचा सामाईक तुकडा द्यावा, आणि त्या त्या तुकड्यात ठरावीक बारांच्या अंतराने तालमीच्या खुणेच्या जागी ध्वनिमुद्रणातील मिनिट व सेकंद लिहीत जावे. मग दोन पत्रके शेजारी ठेवून वाचणाऱ्यास कोणत्या क्षणी कोणता ढोल कोठे होता हे काढता येते, लय कोठे चढली हे दोन खुणांमधील बार मोजून सेकंदांशी ताडता येते, आणि पुढे एखाद्या गटाचे अधिक स्वच्छ ध्वनिमुद्रण हाती आले तर त्या गटाचा एकच तुकडा दुरुस्त करून भागते.